वाचकांचे प्रश्न : अणुकचरा पुरायचा नसेल, तर ठेवायचा कुठे?

गेल्या अंकात फिनलंडमधल्या ओंकालो या भूमिगत अणुकचरा-साठ्यावर लेख आला होता. जमिनीखाली सव्वाचारशे-साडेचारशे मीटरवर कठीण खडकात बोगदे खणून वापरलेलं अणुइंधन कायमचं ठेवायचं, अशी ती योजना. त्यावर बरीच पत्रं आली. पुरणं हा एकच मार्ग आहे का आणि हे ठरवायचं कोणी, असं बहुतेकांनी विचारलं आहे. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

अणुकचरा म्हणजे नेमकं काय? प्रकल्पातले वापरलेले हातमोजेही त्यातच धरतात असं वाचलं. मग हजारो वर्षं धोका असतो तो कशाचा? (एक वाचक, चिपळूण)

हातमोजे, गाळण्या, पुसायचे कपडे हा कमी किरणोत्साराचा कचरा. आकारमानाने तोच सर्वांत जास्त, पण त्यातला किरणोत्सार अगदी थोडा. तो दाबून किंवा जाळून लहान करतात, सिमेंटमध्ये बसवतात आणि प्रकल्पाच्या आवारातच काँक्रीटच्या चरांत ठेवतात. तीनेकशे वर्षं पहारा आणि पाण्याची तपासणी चालू ठेवली, की त्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

खरा वाद आहे तो अणुभट्टीतून निघणाऱ्या वापरलेल्या इंधनाचा. साध्या पाण्यावर चालणारी १,००० मेगावॉटची भट्टी वर्षाला साधारण २० ते २५ टन इंधन बाहेर टाकते. त्यात सुमारे ९५ टक्के युरेनियमच असतं, १ टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम, ३ ते ४ टक्के अणू फुटून तयार झालेली मूलद्रव्यं आणि हजारात एखादा भाग अमेरिशियम, नेपच्युनियम, क्युरियम. सुरुवातीची उष्णता आणि तीव्र किरणं मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची. दोघांचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) तीसेक वर्षांचं, म्हणजे तीनशे वर्षांत ती हजारात एक भागावर येतात. त्यानंतर उरतो तो प्लुटोनियम-२३९ (२४,१०० वर्षं), नेपच्युनियम-२३७ (२१ लाख वर्षं) आणि आयोडिन-१२९ (दीड कोटीहून अधिक वर्षं) यांचा लांबचा पल्ला.

टनांच्या आकड्यांवरून देशादेशांची तुलना करू नये. आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. तेवढ्याच विजेमागे त्यांतून कितीतरी पट जास्त इंधन निघतं, पण प्रत्येक टनामागची उष्णता बरीच कमी असते.

फ्रान्स आणि भारत इंधनावर पुनर्प्रक्रिया करतात. उरलेला घातक भागही पुढे भट्टीत ‘जाळता’ येतो म्हणे. मग पुरण्याची गरजच काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

हा पर्याय सर्वांत गंभीरपणे तपासला गेला तो फ्रान्समध्ये, आणि तोही राजकीय कोंडीतून. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे भूमिगत जागांच्या शोधाला गावोगावी इतका विरोध झाला की सरकारला काम थांबवावं लागलं. ३० डिसेंबर १९९१च्या कायद्याने १५ वर्षांची मुदत घालून तीन वाटा एकदम तपासायला सांगितल्या : घातक घटक वेगळे काढून भट्टीत त्यांचं कमी काळ टिकणाऱ्या मूलद्रव्यांत रूपांतर करणं, खोल भूगर्भात ठेवणं आणि जमिनीवर दीर्घकाळ साठवणं. २००६मध्ये निकाल आला. रूपांतराचं संशोधन चालू ठेवावं, पण मुख्य मार्ग भूगर्भाचा, आणि तोही असा की किमान शंभर वर्षं कचरा परत बाहेर काढता यावा. त्यानुसार ब्यूर गावाजवळ सुमारे ५०० मीटर खोल चिकणमातीच्या खडकातल्या साठ्यासाठी जानेवारी २०२३मध्ये परवान्याचा अर्ज झाला.

रूपांतर पुरेसं का पडलं नाही, ते पायरीपायरीने पाहू.

पुनर्प्रक्रियेत इंधनाच्या कांड्या कापून नायट्रिक आम्लात विरघळवतात. मग केरोसिनसारख्या तेलात मिसळलेलं ट्रायब्युटिल फॉस्फेट त्या द्रावणातून युरेनियम आणि प्लुटोनियम ओढून घेतं. मागे राहतं ते गरम, आम्लधर्मी, अतितीव्र किरणोत्सारी पाणी. रूपांतर करायचं तर याच पाण्यातून अमेरिशियम, नेपच्युनियम वगैरे पुन्हा वेगळे काढावे लागतात. तेही ९९.९ टक्क्यांच्या आसपास, नाहीतर उरलेल्या कचऱ्याचा काळ फारसा घटत नाही. मग त्यांचं इंधन बनवून वेगवान न्यूट्रॉनांच्या भट्टीत घालायचं. एका फेरीत थोडासाच भाग नष्ट होतो, म्हणून काढा, वेगळं करा, पुन्हा घाला असं दशकानुदशकं चालवावं लागतं. त्यासाठी लागतो वेगवान भट्ट्यांचा ताफा. प्रत्यक्षात फ्रान्सची सुपरफिनिक्स १९९०च्या दशकातच बंद झाली, तिच्यापुढची ‘अ‍ॅस्ट्रिड’ योजना २०१९मध्ये बाजूला ठेवली गेली. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५मध्ये सोडियम गळून आग लागली आणि २०१६मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं. रशियात अशा भट्ट्या चालू आहेत. आपली ५०० मेगावॉटची कल्पक्कमला आहे. पण अशी एखाददुसरी भट्टी असल्याने देशाचा कचरा संपत नाही.

सगळं जमलं तरी आयोडिन, टेक्निशियम ही मूलद्रव्यं उरतातच. शिवाय पुनर्प्रक्रियेतून उरलेला जो कचरा आजवर काचेत गोठवला आहे, तो पुन्हा विरघळवून वेगळं करणं कोणी व्यवहार्य मानत नाही.

ही काच बनवणंसुद्धा सोपं नाही. द्रावण आटवून, बोरोसिलिकेट काचेच्या भुकटीबरोबर हजारेक अंश सेल्सिअसवर वितळवतात आणि रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात. फ्रान्सच्या एका डब्यात सुमारे ४०० किलो काच मावते. द्रावणात सल्फेट जास्त असेल तर ते काचेत न मिसळता वर पिवळा थर धरतं. तो थर पाण्यात विरघळतो आणि सीझियम सोबत घेऊन जातो. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) जुन्या द्रावणात नेमकं सल्फेट जास्त होतं, म्हणून तिथे बेरियम घातलेली वेगळी काच वापरावी लागली. दुसरी अडचण रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम या जड धातूंची. ते काचेत न विरघळता भट्टीच्या तळाशी बसतात, विजेचा प्रवाह स्वतःकडे खेचतात आणि काच ओतायचं तोंड तुंबवतात. जपानच्या रोक्काशो पुनर्प्रक्रिया प्रकल्पाचं काम या एका कारणाने वर्षानुवर्षं अडलं.

तरी पुनर्प्रक्रिया निरुपयोगी आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. कचऱ्याचं आकारमान तिने घटतं, सुरुवातीची काही शतकं सांभाळणं सोपं होतं. भाभा अणुसंशोधन केंद्र याच कचऱ्यातून सीझियम-१३७ काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवतं आणि त्या रक्तपेढ्यांतल्या किरण-यंत्रांत वापरल्या जातात. मात्र ‘पुनर्प्रक्रिया केली की कचरा उरत नाही’ हे विधान कोणत्याही व्यासपीठावरून झालं तरी चूक आहे.

अवकाशात सोडता येणार नाही का? किंवा समुद्राच्या तळाशी, नाहीतर दक्षिण ध्रुवाच्या बर्फात? (दोन वाचक, नागपूर आणि पणजी)

तिन्ही कल्पनांचा अभ्यास झाला आहे आणि तिन्ही दारं बंद आहेत. अवकाशाचा विचार नासाने १९७०च्या दशकात केला. अडचण खर्चाच्याही आधी अपघाताची आहे. जानेवारी १९७८मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कोसळला आणि त्याचे किरणोत्सारी तुकडे उत्तर कॅनडात विखुरले. समुद्रात पूर्वी अनेक देशांनी पिंपं टाकली. १९७२च्या लंडन कराराने तीव्र कचऱ्याला मनाई केली आणि १९९३मध्ये ती सर्वच किरणोत्सारी कचऱ्याला लागू झाली. दक्षिण ध्रुवावर असा कचरा टाकायला १९५९च्या अंटार्क्टिक करारातच बंदी आहे.

जमिनीवरच भक्कम इमारत बांधून, डोळ्यांसमोर का ठेवू नये? उद्या चांगलं तंत्र सापडलं तर कचरा हाताशी राहील. (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

पुरण्याला खरा पर्याय म्हणून आज जगात हाच एक चालू आहे. नेदरलँड्सने तो धोरण म्हणून पत्करला. व्लिसिंगन शहराजवळ २००३मध्ये सुरू झालेल्या इमारतीत देशाचा तीव्र कचरा किमान शंभर वर्षं ठेवायचा आहे. जाड काँक्रीटच्या भिंती, आणि थंडावा पंख्यांशिवाय, आपोआप वर चढणाऱ्या हवेचा. इमारत भडक नारिंगी रंगवली आहे आणि दर वीसेक वर्षांनी रंग आधीपेक्षा फिका द्यायचा असं ठरलं आहे, म्हणजे आत उष्णता किती घटली ते बाहेरून दिसावं. आपल्या तारापूरलाही काचेत गोठवलेल्या कचऱ्याचा असाच नैसर्गिक हवेवर थंड होणारा साठा आहे.

पुनर्प्रक्रिया न करणाऱ्या देशांत हाच मार्ग कोरड्या पिंपांच्या रूपात दिसतो. भट्टीतून निघालेलं इंधन आधी किमान पाचेक वर्षं खोल पाण्याच्या टाकीत राहतं. मग टाकीतच, पाण्याखाली, ते पातळ स्टीलच्या उंच डब्यात भरतात. एका डब्यात तीस-पस्तीस जुडगे. डबा वर काढून पाणी उपसतात आणि निर्वात करून आतला ओलावा काढतात. अमेरिकी पद्धतीत दाब ३ टॉरपर्यंत (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे अडीचशेव्या भागापर्यंत) आणून पंप बंद करतात आणि अर्धा तास तो चढत नाही ना, हे पाहतात. दाब चढला तर आत कुठेतरी पाणी अडकलं आहे. हे वाटतं तितकं किरकोळ नाही, कारण तेच पाणी पुढे किरणांनी फुटून हायड्रोजन होतं आणि इंधनावरचं धातूचं वेष्टन खराब करतं. याउलट वाळवताना तापमान ४०० अंशांवर गेलं तरी वेष्टनाला धोका असतो. म्हणून घाई आणि ढिलाई दोन्ही चालत नाहीत. वाळल्यावर हेलियम भरतात, झाकणं वितळजोड करून बंद करतात, गळती तपासतात आणि डबा काँक्रीटच्या कवचात उभा करतात.

बिघडतं कुठे? समुद्रकाठच्या जागी खाऱ्या हवेतलं मीठ डब्यावर बसतं. डबा गरम असेपर्यंत ते कोरडं राहतं, पण काही दशकांत तो निवला की मीठ ओलावा धरतं आणि वितळजोडाजवळ ताण असलेल्या जागी बारीक तडे जाऊ शकतात. तिथे तपासणीचं यंत्र पोचवणंच कठीण. हाताळणीतही चुका होतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे इथे ऑगस्ट २०१८मध्ये भरलेला डबा जमिनीतल्या कोठीत उतरवताना एका कडेवर अडकला. वरचे पट्टे सैल पडले तरी कामगारांना तो खाली पोचला असंच वाटत होतं. साडेपाच मीटरच्या पोकळीवर तो काही काळ केवळ त्या कडेच्या आधारावर राहिला. पडला नाही, पण नियामकाने १,१६,००० डॉलर दंड केला.

म्हणजे साठवण चालते, पण ती तितक्याच दर्जाच्या माणसांनी, पैशाने आणि सरकारने सतत चालवावी लागते. शंभर वर्षांपुरतं हे मागणं रास्त आहे. दहा हजार वर्षांसाठी कोणतंही राज्य ते वचन देऊ शकत नाही. म्हणूनच नेदरलँड्सनेही अंतिम साठा भूगर्भातच धरला आहे, फक्त निर्णय पुढे ढकलला आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. जवळचा ऑयस्टर क्रीक प्रकल्प २०१८मध्ये बंद झाला, पण इंधन अजून तिथेच आहे. सरकार ते नेत का नाही? (मराठी वाचक, न्यू जर्सी)

कारण न्यायचं ठिकाणच नाही, आणि ते नसण्याचं कारण भूगर्भाहून जास्त राजकारणात आहे.

१९८२च्या कायद्याने अमेरिकी सरकारने वचन दिलं की ३१ जानेवारी १९९८पासून आम्ही इंधन उचलू. बदल्यात अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे एक दशांश सेंट ग्राहकांकडून घेतला. अनेक जागांची तुलना करून पश्चिमेत एक आणि पूर्वेत एक असे दोन साठे करायचे होते. १९८६मध्ये पूर्वेचा शोध गुंडाळला गेला आणि पश्चिमेत तीन नावं उरली : नेवाडातला युक्का पर्वत, वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड आणि टेक्ससमधला डेफ स्मिथ परगणा. त्या वेळी प्रतिनिधीगृहाचे सभापती जिम राइट टेक्ससचे आणि बहुमतातल्या पक्षाचे नेते टॉम फोली वॉशिंग्टनचे होते. नेवाडाचे त्या गृहात दोनच सदस्य. डिसेंबर १९८७मध्ये दुरुस्ती होऊन फक्त युक्का उरला. जागेची तपासणी पुरी व्हायच्या आधीच निवड झाली, आणि नेवाडाने ते कधीच मान्य केलं नाही.

युक्काच्या खडकात तांत्रिक अडचणीही होत्या. साठा भूजलाच्या वर, हवा खेळणाऱ्या ज्वालामुखीय खडकात. प्राणवायूमुळे तिथे इंधन आणि धातू लवकर खराब होतात. म्हणून निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे डबे, आणि वरून ठिबकणारं पाणी अडवायला टायटॅनियमची छतं असा आराखडा झाला. ती छतं बसवायची होती साठा बंद करण्याच्या आधी, म्हणजे शंभरेक वर्षांनी. आजच्या सुरक्षिततेचा हिशेब पुढच्या शतकातल्या खर्चावर टेकवणं हा आमच्या मते त्या आराखड्यातला सर्वांत कच्चा दुवा होता. २००४मध्ये न्यायालयाने १०,००० वर्षांचा निकष रद्द केला आणि पुढे तो १० लाख वर्षांवर गेला.

२००२मध्ये नेवाडाच्या गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो फिरवला. २००८मध्ये परवान्याचा अर्ज झाला. तोवर नेवाडाचे हॅरी रीड सिनेटमधल्या बहुमताचे नेते झाले होते आणि ओबामा सरकारने योजना थांबवली. न्यायालयाच्या आदेशाने मे २०१४पासून ग्राहकांकडची वसुलीही बंद झाली, पण निधीत ४० अब्जांहून जास्त डॉलर पडून आहेत. मुदत चुकल्याची भरपाई म्हणून सरकारने वीजकंपन्यांना १० अब्जांहून अधिक डॉलर दिले, ते करदात्यांच्या पैशातून. देशभरात ९०,००० टनांच्या आसपास इंधन प्रकल्पांच्या आवारात उभं आहे.

खासगी तात्पुरत्या साठ्यांनाही तीच अडचण आली. टेक्सस आणि न्यू मेक्सिको दोघांनी विरोधी कायदे केले. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससचं आव्हान फेटाळलं, पण परवान्याच्या सुनावणीत राज्य रीतसर पक्षकार नव्हतं, या कारणावरून. राज्याची संमती हवी की नको, हा प्रश्न तिथेच राहिला.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट : ऑयस्टर क्रीक आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, दोन्ही जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या, दोन्ही १९६९मध्ये सुरू झालेल्या. तारापूरचं इंधन १९६३च्या भारत-अमेरिका कराराखाली आलं, आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती लागत होती. ती अडली, त्यामुळे ते वापरलेलं इंधन दशकानुदशकं तारापूरलाच साठून राहिलं.

बोगद्यांऐवजी तेलविहिरीसारखं खोल छिद्र पाडून त्यात टाकणं स्वस्त नाही का? (बोअरवेल व्यावसायिक, नाशिक)

कल्पना चांगली आहे. पाच किलोमीटर खोल छिद्र पाडायचं, खालच्या दोन किलोमीटरमध्ये डबे रचायचे आणि वरचे तीन किलोमीटर बेंटोनाइट माती व सिमेंटने बुजवायचे. तिथलं पाणी खारं, जड आणि जवळपास स्थिर असतं. खोलीची अडचण नाही, रशियाचं कोला छिद्र १२ किलोमीटरपार गेलं होतं.

व्यासाची आहे. अमेरिकी आराखड्यात तळाचा व्यास सुमारे ४३ सेंटिमीटर होता, तर हॅनफर्डच्या काचेच्या डब्यांचा व्यास ६१. म्हणजे त्यात बसणार ते बारीक सामान, उदाहरणार्थ हॅनफर्डलाच असलेल्या सीझियम-स्ट्रॉन्शियमच्या १,९३६ कुप्या. दुसरी भीती तुमच्या धंद्यातली नेहमीचीच : डबा मध्येच अडकला तर? पंप अडकला की आपण बोअर सोडून देतो, इथे ते चालत नाही. आणि एकदा भरल्यावर परत काढणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे फ्रान्ससारख्या ‘परत काढता आला पाहिजे’ म्हणणाऱ्या देशात हा मार्ग बसत नाही.

चाचणी मात्र अडली ती गावकऱ्यांमुळे. २०१६मध्ये अमेरिकेने फक्त प्रायोगिक छिद्र, कचरा न टाकता, नॉर्थ डकोटातल्या पियर्स परगण्यात पाडायचं ठरवलं. आपल्याला आधी विचारलं नाही म्हणून लोक उठले, परगण्याने नकार दिला. साउथ डकोटातही तेच झालं. २०१७मध्ये कार्यक्रमच रद्द झाला.

पुरलेल्या जागी अपघात झाले आहेत का? (एक वाचक, सोलापूर)

दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडजवळ ६५५ मीटर खोल मिठाच्या थरात अमेरिकी लष्करी कचऱ्याचा साठा १९९९पासून आहे. १४ फेब्रुवारी २०१४ला तिथे एक पिंप आतून तापून फुटलं आणि प्लुटोनियम-अमेरिशियमचे कण वरच्या हवेपर्यंत पोचले. पिंप लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आलेलं. त्यातल्या नायट्रेट क्षारांतला ओलावा शोषायला मांजरांसाठी विकतात ती शोषक भुकटी घालायची पद्धत होती. ती मातीची, म्हणजे निष्क्रिय असायला हवी. या वेळी गव्हासारख्या धान्यापासून बनवलेली घातली गेली. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की ते हळूहळू तापतात. साठा जवळपास तीन वर्षं बंद राहिला. मिठाचा थर निर्दोष होता, पिंपात काय भरलं याच्या कागदांची तपासणी चुकली होती. आमच्या मते सगळ्या देशांनी यातून घ्यायची गोष्ट हीच : खडकाचे अहवाल शंभर खंडांचे असतात, आणि पिंप भरणाऱ्याच्या हातातलं सूचनापत्र एका पानाचं. ते पान कोण तपासतं?

दुसरं उदाहरण जर्मनीतली आसे ही मिठाची खाण. १९६७ ते १९७८ तिथे सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली गेली, बरीचशी नुसती ढकलून. खाण जुनी, मीठ कडेपर्यंत खणलेलं, त्यामुळे शेजारचा खडक सरकून पाणी आत येतं, रोज सुमारे १२ घनमीटर. २०१३च्या कायद्याने सगळी पिंपं परत काढायचं ठरलं. तयार खाण मिळते म्हणून तिथे कचरा टाकणं स्वस्त वाटलं, तेच सर्वांत महाग पडलं.

फिनलंडच्या लोकांनी हो कसं म्हटलं? आपल्या ग्रामपंचायतीला असा अधिकार असता तर? (सरपंच, सांगली जिल्हा)

तिथल्या कायद्यात नगरपालिकेचा नकार अंतिम आहे. सरकार तो फिरवू शकत नाही. ओंकालो जिथे आहे त्या एउरायोकीच्या परिषदेने जानेवारी २०००मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, मग २००१मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी. तिथे आधीपासून अणुप्रकल्प होता, कराचं उत्पन्न होतं, हे खरंच. पण वेळापत्रक १९८३मध्येच जाहीर झालं होतं, हेही महत्त्वाचं. आता चाचण्या झाल्या आहेत. २०२१च्या अंतिम परवाना-अर्जाची छाननी मात्र ठरल्यापेक्षा लांबली.

स्वीडनचं उदाहरण तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. स्टोरुमान (१९९५) आणि मालो (१९९७) इथे लोकांनी मतदानात नाही म्हटलं आणि साठा उभारणारी कंपनी निघून गेली. शेवटी दोन नगरपालिका शर्यतीत राहिल्या, तेव्हा करार झाला की विकासनिधीचा तीन चतुर्थांश वाटा जिची जागा निवडली जाणार *नाही* तिला मिळेल. म्हणजे पैशासाठी होकार द्यायची गरजच संपली. विरोधी संघटनांनाही स्वतःचे तज्ज्ञ नेमता यावेत म्हणून कचरा-निधीतूनच अनुदान मिळालं. प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तांबं गंजतं का, हा आक्षेप त्यांनीच लावून धरला आणि २०१८मध्ये न्यायालयाने डब्यांबद्दल आणखी पुरावे मागितले. पाच सेंटिमीटर जाड तांब्याच्या डब्यांवर सगळी योजना उभी असल्याने तो प्रश्न विचारला जाणं गरजेचंच होतं. सरकारची मंजुरी त्यानंतर, जानेवारी २०२२मध्ये आली.

भारताचा कचरा शेवटी कुठे जाणार? जैतापूरच्या लोकांनी कोणते प्रश्न लावून धरावेत? (एक वाचक, राजापूर)

सरकारची भूमिका अशी : आपण पुनर्प्रक्रिया करतो, उरणारा तीव्र कचरा थोडा आहे, म्हणून खोल साठ्याची गरज नजीकच्या काळात नाही. तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे. काचेचे डबे निवायलाही काही दशकं द्यावीच लागतात. पण गरज नाही म्हणून चर्चाही नाही, हे आम्हाला धोक्याचं वाटतं. नोव्हेंबर २०१२मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुप्रकल्पाच्या खटल्यात बंद पडलेल्या कोलार सोन्याच्या खाणींचं नाव पुढे आलं आणि कोलारमध्ये आंदोलन पेटलं. काही दिवसांतच तसा विचार नसल्याचा खुलासा करावा लागला. त्या खाणीत पूर्वी हजारेक मीटर खोलीवर खडक तापवून पाहण्याचे प्रयोग झाले होते, एवढाच तिचा संबंध. पण आधी कोणी काही सांगितलेलंच नव्हतं, म्हणून खुलाशावरही कोणाचा विश्वास बसेना. मे २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायमचा भूगर्भीय साठा लवकरात लवकर उभारावा, असं म्हटलं. कुडनकुळमच्या आवारातल्या तात्पुरत्या साठ्याची जनसुनावणी जुलै २०१९मध्ये ठरली होती, ती विरोधामुळे पुढे ढकलली गेली.

जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांची योजना आहे. एवढी भट्टी वर्षाला पंचवीस-तीस टन इंधन बाहेर टाकेल, म्हणजे सहांचे मिळून दीडशे ते पावणेदोनशे टन. ६० वर्षांचे दहा हजार टन. ‘कचऱ्याचं काय’ असं मोघम विचारलं की ‘पुनर्प्रक्रिया करू’ असं मोघम उत्तर मिळतं. म्हणून आकड्यांत विचारा आणि उत्तर लेखी मागा. थंड करण्याच्या टाकीत किती वर्षांचं इंधन मावेल? ती भरेपर्यंत आयात इंधनासाठीचा, आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प कुठे आणि किती क्षमतेचा तयार असेल? तो लांबला तर इंधन आवारातच कोरड्या पिंपांत ठेवणार का, आणि कोकणच्या खाऱ्या दमट हवेत त्या डब्यांच्या वितळजोडांची तपासणी कोणत्या यंत्राने आणि किती वर्षांनी करणार? इंधन बाहेर नेलं तर समुद्राने की घाटातून? काचेचे डबे कोणत्या गावी आणि किती वर्षं राहतील? या सगळ्याचा खर्च विजेच्या दरात युनिटमागे किती पैसे धरला आहे आणि तो निधी कोणाच्या ताब्यात असेल? पर्यावरण आघात अहवालाच्या मराठी सारांशात यांपैकी ज्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तो पान क्रमांकासह लेखी हरकतीत नोंदवा आणि पोच घ्या. जनसुनावणीत तोंडी मांडलेला मुद्दा इतिवृत्तात गळू शकतो, म्हणून बोलून झाल्यावर तोच मजकूर सही करून तिथल्या अधिकाऱ्याकडे द्या.